शिक्का तोच

अर्ज क्रमांक सतरा.
लीअन झुपान्सिच, वय एकेचाळीस.
शहराचं जलशुद्धीकरण केंद्र, रात्रपाळी, अकरा वर्षं.
आणि खाली एका ओळीत, जणू सहज:
पर्यावरण अभियांत्रिकी, पदव्युत्तर.
विद्यापीठ जुनं, लाल विटांचं,
घड्याळाच्या मनोऱ्याचं.

ऑनलाइन, असं कुठेही लिहिलेलं नाही.
प्रमाणपत्रावरही ते लिहीत नाहीत.
पण पाळी डुलूथमधली
आणि विद्यापीठ नऊ तासांवर.
एवढा हिशेब कुणालाही येतो.

ओयालाने कडेला पेन्सिलीने
प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. बारीक.
पुसता येईल असं.
‘शिक्का तोच आहे ना?’ मी विचारलं.
‘शिक्का तोच. पण…’
त्या ‘पण’भोवती आम्ही दोघं
कॉफी गार होईपर्यंत बसलो.

खिडकीबाहेर सरोवर गोठलेलं,
लोहखनिजाचं एक जहाज
धक्क्याला बांधलेलं, मार्चपर्यंत.

माझी पदवी भिंतीवर आहे.
त्याच विद्यापीठाची. खऱ्या वर्गातली, खऱ्या बाकावरची.
त्या दोन वर्षांतलं मला काय आठवतं?
हॉकी.
तपकिरी कोट घालणारी एक मुलगी,
जिचं आडनाव शेवटपर्यंत कळलं नाही.
आणि सकाळी आठच्या तासाला
मागच्या रांगेत लागलेली गाढ झोप.
हजेरी मात्र पूर्ण.

ती आली ती थेट पाळीवरून.
बुटांना बर्फ, बाहीला क्लोरीनचा वास.
ओयालाने पंपांचं विचारलं,
तिने उत्तर दिलं.
गाळणीच्या वाळूचं विचारलं,
तिने त्यालाच उलटं विचारलं, कुठल्या टाकीतली?
मग मी, जे विचारायचं नसतं तेच विचारलं:
‘तुम्ही तिथे कधी गेला होतात?’

‘एकदा. पदवीदानाला.
मुलाला मागच्या सीटवर झोपवून रात्रभर गाडी चालवली.
ग्रंथालय कुठे आहे
ते पहिल्या वर्षाच्या एका पोराला विचारलं.
तो हसला. हसू दे.
मग तो वर्ग शोधला, दोनशे चौदा.
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यावर ओलीचा डाग आहे,
तीन वर्षं पाहिलेला, पहाटे, जेवणाच्या सुट्टीत.
माझ्या आधी मुलानेच ओळखला.
आई, तुझं बदक! म्हणून केवढ्याने ओरडला.

हाल्वरसन सर फळा पुसत होते.
खोकले, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.
त्यांना मी कोण ते कळेना.
मी म्हटलं, लीअन.
कोण लीअन?
मग म्हटलं, सातव्या आठवड्यात
दाबाच्या गणितात तुमची चूक काढली होती, ती.
तेव्हा त्यांनी डस्टर खाली ठेवलं.’

ती थांबली.
आपण फार बोललो की काय
असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं.

ती गेल्यावर मी खोडरबर घेतलं.
प्रश्नचिन्ह पुसलं.
शिसं गेलं, कागदावर खाच राहिली,
तिरका धरला की दिसणारी.

‘घेऊ या,’ ओयाला म्हणाला.
‘तिच्यासारखी मिळायची नाही.’
आणि पगाराच्या रकान्यात
त्याने एक पायरी खालचा आकडा लिहिला.
मागच्या वर्षीच्या पोराला,
ज्याला गाळणी आणि गटार यातला फरक
मीच समजावला होता,
वरची पायरी दिली होती.
तो वर्गात बसून शिकला होता.

मी आकडा पाहिला.
ओयालाने माझ्याकडे पाहिलं नाही.
धक्क्यावरचं जहाज जिथल्या तिथे होतं.

मी सही केली.
सही माझी छान आहे, वळणदार.
विद्यापीठातच गिरवली होती,
मागच्या रांगेत,
जागा असायचो तेव्हा.